लिनक्सवर गेम चालतात. आधी ग्राफिक्स कार्ड कोणते ते पाहा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून 'जुना संगणक भंगारात काढू नका, त्यावर लिनक्स बसवा' हा सल्ला आपल्या पुरवणीतही दोन-तीनदा वाचायला मिळाला. सल्ला योग्यच आहे. लिनक्स ही विंडोजऐवजी बसवता येणारी मोफत आणि खुली, म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो अशी, कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) आहे. ज्या संगणकात टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची एक चिप) नाही किंवा ज्याचा इंटेल प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे, त्याला विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारत नाही, आणि असे धडधाकट संगणक आपल्याकडे घराघरांत आहेत. मी मिरजेतील एका माध्यमिक शाळेत संगणक हा विषय शिकवते. शाळेच्या प्रयोगशाळेतील नऊ आणि विद्यार्थ्यांच्या, शेजाऱ्यांच्या घरचे मिळून आणखी पंधरा-वीस संगणक मी गेल्या काही महिन्यांत लिनक्सवर आणले आहेत. या अनुभवावरूनच लिहिते आहे, कारण छापून येणाऱ्या सल्ल्यात एक मोठी गोष्ट सातत्याने गाळली जाते.

घरातला संगणक बहुधा मुलांसाठी घेतलेला असतो आणि मुले त्यावर अभ्यासाइतकीच, खरे तर अभ्यासापेक्षा जास्त, गेम खेळतात. त्यामुळे आईवडिलांनी लिनक्स बसवायचे ठरवले, तरी 'त्यावर गेम चालत नाहीत' एवढ्या एका वाक्याने तो निर्णय मोडीत निघतो. हे वाक्य दुकानदार सांगतात, मोठी भावंडे सांगतात आणि आमच्यासारखे शिक्षकही, स्वतः पडताळून न पाहता, सांगत आले आहेत. दुसरीकडे लिनक्सचे अभिमानी लोक 'आता सगळे चालते' असे ठणकावून सांगतात आणि त्यांच्या भरवशावर बसलेल्या मुलाचा चार दिवसांत हिरमोड होतो. दोन्ही विधाने चुकीची आहेत. संगणकात ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र रेखाटणारा भाग) कोणते आहे, त्याचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कोणत्या वाटेने आला आहे आणि गेम बनवणाऱ्या कंपनीची परवानगी आहे का, यावर खरे उत्तर अवलंबून असते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी कोणालाही अर्ध्या तासात समजून घेता येतात, पण त्या मराठीत नीट सांगितलेल्या मला कुठे आढळल्या नाहीत.

'चालत नाहीत' हा समज आला कुठून, तेही सांगायला हवे, कारण एके काळी तो खराच होता. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा 'वाइन' हा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला आणि त्याची १.० ही आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. कार्यालयीन कामाचे प्रोग्रॅम त्यावर बरे चालत, परंतु गेम अडखळत, कारण विंडोजवरील बहुतेक गेम चित्र रेखाटण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सवर विसंबलेले असतात आणि त्या आज्ञा ओपनजीएल या जुन्या पद्धतीत बदलताना वेग निम्म्यावर येई. २०१६ साली व्हल्कन ही नवी, सर्वांसाठी खुली पद्धत आली. तिचा आधार घेऊन २०१८ मध्ये डीएक्सव्हीके हा अनुवादक तयार झाला, जो डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलतो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर काही घटक एकत्र करून 'प्रोटॉन' या नावाने आपल्या स्टीम या गेमच्या दुकानात बसवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीचे स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र बाजारात आले आणि ते मुळात लिनक्सवरच चालते. एका कंपनीचा व्यवसायच यावर उभा राहिल्यामुळे गेल्या काही वर्षांत या कामाला जो वेग आला, तो आधीच्या वीस वर्षांत आला नव्हता. आज एकट्याने खेळायचे बहुसंख्य गेम लिनक्सवर काहीही खटाटोप न करता सुरू होतात, हे मी प्रत्यक्ष पाहून लिहिते आहे.

परंतु ही सगळी व्यवस्था शेवटी व्हल्कनपाशी येऊन ठेपते आणि व्हल्कन समजणारा ड्रायव्हर संगणकात नसेल तर वरचे सारे परिश्रम वाया जातात. म्हणून ड्रायव्हरविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

लिनक्समध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर दोन भागांत असतो. एक भाग कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, राहतो. कार्डाची मेमरी, त्याची गती आणि पडद्याकडे जाणारा संकेत तो सांभाळतो. दुसरा भाग कर्नलच्या बाहेर असतो आणि गेमने दिलेल्या आज्ञा त्या विशिष्ट कार्डाला कळतील अशा स्वरूपात बदलतो. इंटेल आणि एएमडी यांच्या बाबतीत हे दोन्ही भाग खुले आहेत. पहिला कर्नलबरोबरच येतो आणि दुसरा 'मेसा' या १९९३ पासून चालत आलेल्या प्रकल्पातून मिळतो. एएमडीने २००७ साली आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती जाहीर करायला सुरुवात केली. २०१५ साली तिचा 'एएमडीजीपीयू' हा नवा ड्रायव्हर कर्नलच्या ४.२ या आवृत्तीत आला. आणि २०१६ साली मेसामध्ये 'आरएडीव्ही' हा व्हल्कन ड्रायव्हर आला, जो कंपनीने नव्हे तर बाहेरच्या विकासकांनी लिहिला होता. कागदपत्रे खुली केली की पुढचे काम जगभरातली माणसे कशी उचलतात, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की एएमडीचे बऱ्यापैकी अलीकडचे कार्ड असलेल्या संगणकावर ड्रायव्हर वेगळा शोधावा लागत नाही. लिनक्स बसवले, अद्यतने घेतली, स्टीम उघडले की काम झाले.

एनव्हिडियाच्या कार्डांची कथा वेगळी आहे आणि आपल्याकडच्या गेम खेळणाऱ्या मुलांच्या संगणकांत मला तरी याच कंपनीची कार्डे अधिक दिसतात. या कंपनीचा ड्रायव्हर अनेक वर्षे पूर्णपणे बंदिस्त होता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात याबद्दलचा आपला संताप जाहीरपणे व्यक्त केला होता. कंपनीच्या मदतीशिवाय, कार्डांचे वर्तन बाहेरून अभ्यासून काही स्वयंसेवकांनी 'नूवो' नावाचा खुला ड्रायव्हर लिहिला आणि लिनक्स नव्याने बसवल्यावर सहसा तोच आपोआप सुरू होतो. त्यावर पडदा व्यवस्थित दिसतो, व्हिडिओ चालतो, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. पण २०१४ च्या अखेरीस आलेल्या ९०० मालिकेतील कार्डांपासून कंपनीने डिजिटल सही केलेल्या फर्मवेअरशिवाय (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय) कार्डाची गती वाढवता येत नाही आणि त्यासाठी लागणारे फर्मवेअर नूवोला मिळाले नाही. परिणामी जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांची कार्डे नूवोवर सुरुवातीच्या मंद गतीतच अडकून राहतात. गेम उघडतो आणि एकेक चित्र सरकत गेल्यासारखा चालतो. मग बघणारा म्हणतो, 'बघा, लिनक्सवर गेम चालत नाहीत.'

अशा वेळी मी सर्वप्रथम संगणकाच्या 'सिस्टीमविषयी माहिती' या पानावर ग्राफिक्ससमोर काय लिहिले आहे ते पाहते. तिथे कार्डाचे नाव असेल तर पुढे जाता येते. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असा विचित्र शब्द दिसला, तर ग्राफिक्स कार्ड मुळीच काम करत नसून सारे चित्र प्रोसेसर रेखाटतो आहे, असे समजावे. त्या स्थितीत कोणताही गेम चालवून लिनक्सची परीक्षा घेणे अन्यायाचे आहे.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना लोक सर्वात जास्त वेळा जी चूक करतात, ती विंडोजच्या सवयीतून येते. ते कंपनीच्या संकेतस्थळावर जातात, तिथली फाइल उतरवून घेतात आणि ती चालवतात. त्या दिवशी सगळे चालतेही. पण पंधरा दिवसांनी कर्नलचे अद्यतन येते, हाताने बसवलेला ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी बांधलेला असतो, आणि सकाळी संगणक सुरू केल्यावर काळ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. लिनक्सच्या प्रत्येक वितरणाने (मिंट, उबुंटू अशा तयार आवृत्तीने) यासाठी स्वतःची वाट ठेवलेली आहे: लिनक्स मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर', उबुंटूमध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स', फेडोरामध्ये 'आरपीएम फ्युजन' हा भांडार. या वाटेने आलेला ड्रायव्हर कर्नल बदलला की त्याच्यासाठी पुन्हा बांधला जातो किंवा तयार स्वरूपात मिळतो. आणखी एक लहानशी गोष्ट म्हणजे, या ड्रायव्हरचे आधी सांगितलेले दोन्ही भाग एकाच आवृत्तीचे असावे लागतात. अद्यतन झाल्यावर संगणक बंद करून पुन्हा सुरू केला नाही, तर मेमरीत जुना भाग आणि डिस्कवर नवा भाग अशी स्थिती होते आणि नुकताच व्यवस्थित चालणारा गेम सुरूच होत नाही. असे संगणक दुरुस्तीला नेणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांना फक्त एकदा रीस्टार्ट करायला हवे होते.

एक प्रसंग सांगते. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या घरी वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक होता. मी सांगितल्याप्रमाणे त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर बसवला. मध्येच एक पासवर्ड विचारला गेला, तो त्यांनी दिला. संगणक पुन्हा सुरू होताना निळ्या रंगाचा, इंग्रजी मजकुराचा पडदा आला. निळा पडदा म्हणजे बिघाड, हे विंडोजच्या दिवसांपासून मनात बसलेले. दोघेही घाबरले, काहीच न करता थांबले, दहा सेकंदांत तो पडदा निघून गेला आणि संगणक नेहमीसारखा सुरू झाला. गेम मात्र चालेना. त्यांनी दोनदा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला, दोन्ही वेळा तेच झाले, आणि शेवटी त्यांनी संगणक गावातल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने 'कार्ड गेले आहे' असे सांगून नवे कार्ड घ्यायला सुचवले. नवे कार्ड घेण्याची ऐपत नव्हती म्हणूनच ते माझ्याकडे आले.

कार्डाला काहीही झालेले नव्हते. संगणकात 'सिक्युअर बूट' सुरू होते, म्हणजे ओळखीची सही नसलेला कोणताही भाग कर्नलमध्ये शिरू द्यायचा नाही अशी व्यवस्था होती. बसवलेल्या ड्रायव्हरवर त्या संगणकाने स्वतःच तयार केलेल्या किल्लीची सही होती आणि ती किल्ली आपण ओळखतो, असे मालकाने स्वतः, संगणक सुरू होण्याच्या आधी, तिथे बसून सांगायचे होते. तो निळा पडदा त्याचसाठी होता. 'एनरोल एमओके' (किल्लीची नोंद करा) हा पर्याय निवडायचा, आधी दिलेला पासवर्ड पुन्हा टाकायचा आणि पुढे जायचे. दोन मिनिटांचे काम. मी ते त्या मुलालाच करायला लावले आणि त्यानंतर गेम सुरू झाला. ही पायरी सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्या पडद्यावर हिंदी-मराठीत तर सोडाच, सोप्या इंग्रजीतही काही समजावून सांगितलेले नसते. एका कुटुंबाला चालते कार्ड फेकून हजारो रुपये खर्च करावे लागले असते, आणि त्याचे कारण त्या दहा सेकंदांत काय करायचे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

कार्ड किती जुने आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे आणि जुना संगणक वाचवा म्हणणाऱ्या लेखांत तो तर असायलाच हवा. एनव्हिडिया ठरावीक काळाने जुन्या कार्डांना नव्या ड्रायव्हरमधून वगळते. जीटी ७१० सारख्या, आपल्याकडे स्वस्तात मिळाल्यामुळे खूप खपलेल्या कार्डांसाठी ड्रायव्हरची ४७० ही शेवटची मालिका आहे. तिच्यात व्हल्कनची १.३ ही आवृत्ती नाही, तर डीएक्सव्हीकेला २०२२ पासून तीच लागते. त्यामुळे अशा कार्डावर प्रोटॉनच्या अलीकडच्या आवृत्त्या चालत नाहीत, स्टीममध्ये त्या गेमच्या गुणधर्मांत जाऊन प्रोटॉनची जुनी आवृत्ती निवडावी लागते. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी ५८० हा शेवटचा ड्रायव्हर असेल, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले आणि त्यापुढच्या ड्रायव्हरमधून ती कार्डे वगळलीही. म्हणजे १०५० टीआय किंवा १०६० असलेल्या संगणकावर जो सगळ्यात नवा तो ड्रायव्हर निवडायचा नसून ५८० चाच निवडायचा. 'नवे ते चांगले' हा नियम इथे लागू पडत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीतील प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये व्हल्कनचा पाठिंबा अपुराच राहिला, तर सहाव्या पिढीपासून तो पुरेसा आहे. म्हणून एकसारखे दिसणारे दोन जुने संगणक या बाबतीत अगदी वेगळे वागतात.

निष्पक्षपणे हेही नोंदवले पाहिजे की एनव्हिडियाचे धोरण आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला. तो २०१८ पासूनच्या, म्हणजे आरटीएक्स २००० आणि जीटीएक्स १६०० मालिकांपासूनच्या कार्डांवर चालतो. त्याच वर्षी मेसामध्ये 'एनव्हीके' या खुल्या व्हल्कन ड्रायव्हरचे काम जाहीर झाले आणि २०२४ पर्यंत तो वापरण्याजोगा झाला. २०२४ मध्येच आलेल्या ५५५ या ड्रायव्हरपासून नव्या वेलँड पद्धतीच्या डेस्कटॉपवर चित्र लुकलुकण्याचा जुना त्रास बराच कमी झाला. जीटीएक्स १६५० किंवा त्यानंतरचे कार्ड असलेल्या कोणालाही मी आज निःशंकपणे लिनक्स सुचवते. चार वर्षांपूर्वी मी तसे केले नसते.

लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी. गेमिंगचे म्हणून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात: प्रोसेसरमधले साधे आणि शेजारचे ताकदवान. वीज वाचावी म्हणून लिनक्स आपणहून साध्यावर काम करते आणि गेमही पुष्कळदा त्यावरच सुरू होतो. मिंट किंवा उबुंटूमध्ये गेमच्या चिन्हावर उजवी कळ दाबून तो वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर चालवण्याचा पर्याय निवडता येतो. सत्तर-ऐंशी हजारांचा लॅपटॉप घेऊनही महिनोन्महिने साध्या ग्राफिक्सवर गेम खेळणारा एक महाविद्यालयीन मुलगा मी पाहिला आहे. त्याला शंकाही आली नव्हती.

याच ओघात आणखी एक सवय सांगावीशी वाटते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणारी मुले जागा वाचवण्यासाठी विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर (डिस्कच्या विंडोजसाठीच्या भागावर) असलेले गेमच स्टीमला दाखवतात. प्रोटॉनला लागणारी फाइलींची नावे आणि परवानग्या तिथे नीट टिकत नाहीत. शिवाय विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' सुरू असेल तर ते पार्टिशन अर्धवट बंद अवस्थेत राहते आणि लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही. गेम लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर पुन्हा उतरवून घेणे हाच खरा उपाय आहे. पन्नास-साठ जीबी पुन्हा उतरवायला आमच्या भागात दोन रात्री लागतात हे मला माहीत आहे, तरीही.

आता ज्या ठिकाणी ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, त्याविषयी. अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये फसवणूक पकडणारा 'अँटी-चीट' नावाचा प्रोग्रॅम असतो. त्यांतील इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रमुख प्रोग्रॅमांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला पाठिंबा देऊ केला. पण तो सुरू करायचा की नाही, हे प्रत्येक गेमची कंपनी ठरवते. अनेक कंपन्यांनी तो सुरूच केलेला नाही. एपेक्स लेजेंड्स हा गेम लिनक्सवर उत्तम चालत होता, पण ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्याच्या कंपनीने फसवणुकीचे कारण देऊन लिनक्सचा मार्ग बंद केला. त्याच्या आदल्याच महिन्यात जीटीए ऑनलाइनच्या बाबतीत तसेच घडले. व्हॅलोरंट आपल्याकडच्या मुलांत अतिशय लोकप्रिय आहे. त्याचा व्हॅनगार्ड हा अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो, त्यामुळे तो लिनक्सवर चालतच नाही. फोर्टनाइटही चालत नाही. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे थेट लिनक्ससाठीच बनवलेले आहेत, माइनक्राफ्टची जावा आवृत्ती पहिल्यापासून चालते. म्हणून एखाद्या घरी लिनक्स बसवण्याआधी मी मुलाला त्याच्या आवडीच्या पाच गेमची नावे लिहून द्यायला सांगते. त्यांत व्हॅलोरंट असेल, तर तो चालणार नाही हे त्याला तिथेच, त्याच्या आईवडिलांसमोर सांगते. मुले हे समजून घेतात. त्यांना राग येतो तो आधी आश्वासन देऊन नंतर फसवल्याचा.

या अडचणीत लिनक्सचा दोष नाही आणि लिनक्स लिहिणाऱ्यांनी कितीही कष्ट घेतले तरी ती त्यांच्या हातून सुटणारी नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण खापर मात्र त्यांच्यावरच फुटते. खुल्या ड्रायव्हरच्या वाटेतही असेच अडथळे येतात. एचडीएमआय २.१ या पडदा जोडण्याच्या मानकाचा पाठिंबा आपल्या खुल्या ड्रायव्हरमध्ये देण्याची एएमडीची तयारी होती, परंतु एचडीएमआय मानकाचे नियमन करणाऱ्या मंचाने २०२४ मध्ये त्याला नकार दिला. सोय म्हणून मोठा पडदा घेणाऱ्यांना मी डिस्प्लेपोर्टची केबल वापरायला सांगते. पण केवळ कागदोपत्री नियमांमुळे ग्राहकाला केबल बदलावी लागावी, हे मला पटलेले नाही.

आता माझी विनंती. नव्या संगणकाच्या किंवा लॅपटॉपच्या जाहिरातीत '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' एवढेच लिहिलेले असते. कार्डाचे पूर्ण नाव आणि मालिका विचारली तर दुकानात दहापैकी आठ वेळा 'गेमिंगचे आहे, चिंता करू नका' असे उत्तर मिळते. जुने संगणक विकणाऱ्या दुकानांत तर पावतीवर कार्डाचा उल्लेखच नसतो. खरेदीच्या पावतीवर ग्राफिक्स कार्डाचे पूर्ण नाव लिहून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. पालकांनी तो आग्रह धरावा, एवढे जरी आपल्या दैनिकाने वारंवार छापले तरी फार मोठे काम होईल.

दुसरी विनंती शाळांच्या बाबतीत आहे. केरळमधील सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकवत आहेत, आणि शासकीय कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच जाहीर केले आहे. आपल्याकडे शाळांच्या संगणक खरेदीत मात्र प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांच्या रकान्यांपलीकडे कोणी पाहत नाही. खरेदीच्या अटींत 'ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्ये उपलब्ध असावा' ही एक ओळ घातली, तर तो संगणक दहा वर्षांनीही नव्या लिनक्सवर चालेल. शाळेत गेम कशाला, असे कोणी विचारील. आमच्या शाळेतील नववीची मुले गोडो या खुल्या साधनात स्वतःचे छोटे गेम तयार करतात आणि ब्लेंडरमध्ये त्यांची चित्रे घडवतात. यांतल्या प्रत्येक कामाला तोच ड्रायव्हर लागतो. शाळेला देणगी म्हणून आलेल्या दोन संगणकांवर ब्लेंडर आजही उघडत नाही, कारण त्यांतल्या कार्डांना नव्या कर्नलवर चालणारा ड्रायव्हर उरलेला नाही. ते दोन संगणक आम्ही टंकलेखनासाठी ठेवले आहेत.

आपल्या पुरवणीत एक चौकट छापता आली तर फार उपयोग होईल: घरच्या संगणकातील कार्डाचे नाव कसे पाहावे, कोणत्या मालिकेसाठी कोणता ड्रायव्हर निवडावा, तो निळा पडदा आल्यावर काय करावे आणि कोणते गेम चालणार नाहीत. चौकटीचा मजकूर मी सोप्या मराठीत तयार केला आहे, मुलांकडून वाचून घेऊन दुरुस्तही केला आहे आणि या पत्रासोबत पाठवत आहे. त्यावर माझे नाव असण्याची आवश्यकता नाही. शक्य झाल्यास तो एप्रिलच्या अखेरीस छापावा, कारण आमच्या भागात जुन्या संगणकाचे काय करायचे, हे घरोघरी परीक्षा संपल्यावरच ठरते.

आपली नम्र,
एक संगणक शिक्षिका,
मिरज, जि. सांगली